केदारखेड्यात थांबलेली शर्यत

जालना स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे सात वाजायला आले होते आणि थंडी अशी होती की फलाटावरचा चहावाला हातातली किटली खाली ठेवायला तयार नव्हता. मराठवाडा म्हणजे ऊन, एवढंच मला आमच्या आजऱ्यात बसून माहीत होतं. त्या भरवशावर मी स्वेटर घरी ठेवून आले होते. ही या प्रवासातली माझी पहिली चूक. दुसरी चूक मोठी होती. ती तिसऱ्या दिवशी केदारखेडा नावाच्या गावात उघडी पडली. ती सांगितल्याशिवाय हे प्रवासवर्णन खरं होणार नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

मी कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर काय आवडून घ्यावं, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. हॉस्टेलवर एकदा फोनवर परदेशातली बायकांची सायकल शर्यत लागली आणि मी जेवायची वेळ चुकवून ती बघत बसले. मग बघतच गेले. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. पुरुषांची मोठी शर्यत पहिल्या किलोमीटरपासून दाखवतात, बायकांची मात्र पुष्कळदा अर्धी झाल्यावर सुरू होते. आपण बघायला लागतो तेव्हा एक जण आधीच सगळ्यांना सोडून पुढे गेलेली असते. ती कधी निघाली, तिला कोणी अडवायला बघितलं का, हे कायमचं न कळलेलं राहतं. वाचल्यावर समजलं की रस्त्यावरची शर्यत दाखवणं फार खर्चाचं काम आहे. मोटारसायकलींवर कॅमेरे, वर हेलिकॉप्टर, शिवाय हे सगळं जोडणारी माणसं. पैसे देणारे विचारतात, बघतं कोण? आणि मी विचारत होते, दाखवलंच नाही तर बघणार कशी?

मैत्रिणींसाठी मी या शर्यतींचं मराठीत बोलून रेकॉर्डिंग करायचे. त्यातलं एक फिरत फिरत जालन्याच्या वाघमारे सरांपर्यंत गेलं. सर निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत आणि दरवर्षी जिल्ह्यात बायकांची सायकल शर्यत भरवतात. त्यांनी फोन केला, "यंदा शर्यत लाइव्ह दाखवायची आहे. बोलायला तू ये." मी म्हटलं, मी कधी लोकांसमोर बोललेले नाही. ते म्हणाले, "लोकांसमोर कुठं? कॅमेऱ्यासमोर." मला त्याने जास्तच भीती वाटली, पण मी आले.

स्टेशनवर सर स्वतः घ्यायला आले होते, डोक्याला मफलर गुंडाळून. त्यांच्या घरी सुशीला खाल्ली (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार, वर भरपूर शेंगदाणे). त्यांच्या मंडळींनी मला त्यांचा स्वेटर दिला आणि ताटात तिसऱ्यांदा वाढलं. मग सर मला मोंढ्यात घेऊन गेले. मोंढा म्हणजे इथली धान्याची बाजारपेठ. तिथे एका बियाण्याच्या व्यापाऱ्यांची गादी आहे. सगळे त्यांना शेठजी म्हणतात. शर्यतीची बक्षिसं तेच देतात.

"कोल्हापूरच्या का तुम्ही?" शेठजींनी विचारलं. "मंग कुस्ती सोडून सायकल कशी काय?"

मी फोनवर पाहिलेल्या शर्यतींचं सांगितलं. ते हसले आणि कामाचं बोलू लागले.

"हे बघा, दरसाल मी ढाली देतो. ढाल दिली, फोटो आला, विषय संपला. आता सर म्हणून राह्यले की चार पोरींचा संघ करा, त्यांना महिन्याचा पगार द्या. बराबर हाय. पण माझ्या बियाण्याचं नाव त्यांच्या पाठीवर लावायचं, तर ती पाठ कुणीतरी बघायला पाहिजे का न्हाई?"

"बघतील, शेठजी," सर म्हणाले.

"मंग दाखवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधी बंद पडलं तर माझ्याकडं येऊ नका. अन् शेवटाला लोक टिकले पाहिजेत. सुरुवातीला तर सगळेच बघतेत."

बाहेर आल्यावर सरांनी मफलर पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "उद्या तुला परतूरला नेतो. हे कुणासाठी चाललंय ते एकदा बघून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परतूरला गेलो. रूळांच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, कुठे शाळूची (रब्बी ज्वारीची) कणसं भरत आलेली, कुठे वेचून झालेल्या कापसाच्या पळाट्या (वाळलेली झाडं). परतूर जवळ आलं की बाभळींच्या काट्यांना कापूस अडकलेला दिसू लागतो. गाड्या भरून कापूस बाजारात जातो आणि वाटेत थोडा थोडा झाडांना देत जातो. मी खिडकीतून ते बघत राहिले. आमच्याकडे उसाच्या गाड्यांमागे पोरं धावतात, इथे झाडंच हात पुढे करून उभी होती.

सर मला जिच्याकडे घेऊन गेले त्या कावेरीताईचं घर बाजार समितीच्या मागे आहे. वडील मोंढ्यात हमाल. ताई चोवीस वर्षांची, सावळी, काटक. घरात कॉट एकच आणि तिच्या उशाशी भिंतीला टेकवून सायकल उभी. दोन वर्षं ती एका खासगी संघाकडून पगारावर शर्यती खेळायची. पैसे देणाऱ्याने हात काढून घेतला आणि संघ बंद पडला. गेले आठ महिने ती एकटीच पहाटे परतूर ते मंठा रस्त्यावर सायकल चालवते.

तिच्या आईने धपाटे केले होते (ज्वारीच्या पिठाची तिखट, थापलेली भाकरी) आणि सोबत दही. खाताना मी घाबरत विचारलं, "हा संघ नाही झाला तर?"

"पुढच्या महिन्यापासून गाड्यांच्या शोरूमला. तिथल्या मालकांनी यायला सांगितलंय."

"आणि सायकल?"

"सायकल कशाला सोडू? दांडीला डबा अडकवून कामाला जाईन की." ती हसली, पण तिची आई हसली नाही.

निघताना ताई मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "एक सांगू? मी कितवी हाय एवढंच नको सांगूस. मी काय करून राह्यले ते सांग. दोन वर्षं मी शर्यती खेळले, पण माझ्या आईनं एकबी पाह्यली न्हाई. मी घरी जाते अन् सांगते, चौथी आले. ती म्हणते, बरं, जेवून घे."

परतीच्या गाडीत मी वहीत ते वाक्य लिहून घेतलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी शकीलभाई भेटले. त्यांचं काम लग्नांच्या शूटिंगचं. सरांना परवडेल असा जिल्ह्यातला एकच माणूस, असं ते स्वतःच सांगतात. एक पिकअप गाडी, तिच्या मागच्या भागात गादी टाकलेली, त्यावर शकीलभाई मागे तोंड करून कॅमेरा घेऊन बसलेले आणि त्यांच्या शेजारी माईक धरून मी. गाडीच्या फळीवर ‘शुभविवाह’ अजून तसंच होतं. शकीलभाईंच्या पाठीला एक पिशवी, तिच्यात चित्र इंटरनेटवर पाठवणारं यंत्र आणि त्याला चार वेगवेगळ्या कंपन्यांची चार सिम कार्डं.

"एक झोपली तर दुसरी उठून राहते," ते म्हणाले. "फिकर नको करू बेटा. शादीत नवरी रुसून बसली तरी मी कॅमेरा बंद न्हाई करत. उलट तेव्हाच तर लोक बघतेत."

मार्ग असा होता: जालन्याहून निघून राजूर, केदारखेडा, पुढे भोकरदन. भोकरदनला वळसा आणि त्याच रस्त्याने परत राजूरपर्यंत. शेवट राजूरला, गणपतीच्या देवळाखालच्या रस्त्यावर. म्हणजे राजूर आणि केदारखेडा ही गावं शर्यत दोनदा बघणार होती. एकूण बावीस जणी. नाशिकच्या, पुण्याच्या, बऱ्याचशा याच जिल्ह्यातल्या.

सरांनी हिरवा झेंडा खाली केला. फोनच्या पडद्यावर तळाशी शर्यत बघणाऱ्यांचा आकडा दिसत होता. सदतीस.

"त्यात माझी बायको अन् तिच्या चार बहिणी," शकीलभाई म्हणाले. "बत्तीस अस्सल हायेत. बोल बेटा."

मी बोलू लागले. पहिली पाच मिनिटं माझा आवाज माझाच वाटत नव्हता. पण मागे बघावं तर रस्त्याभर पसरलेला तो घोळका, एकमेकींच्या चाकांत वीतभर अंतर आणि कोणाच्याही चेहऱ्यावर घाई नाही. एक जण पुढे राहून समोरचा वारा अंगावर घेते, थकली की बाजूला होते, दुसरी पुढे येते. हे मी शेकडो वेळा पडद्यावर पाहिलं होतं. पण सायकलींचा तो बारीक सरसर आवाज मला कुठल्याच फोनमधून ऐकू आला नव्हता. मी बोलायची थांबले. शकीलभाईंनी कोपर मारलं.

दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, हरभऱ्याची शेतं, मध्येच एखादं तुरीचं कापलेलं रान. शेतातली माणसं काम टाकून बांधावर येत होती. राजूर आलं. टेकडीवरचं देऊळ, खाली पेढ्यांची आणि हारांची दुकानं. पेढेवाल्याने दुकानातूनच फोन उंच करून दाखवला, त्यात आम्हीच दिसत होतो.

मग केदारखेडा. गाव रस्त्याला लागून, अलीकडे पलीकडे घरं, पुढे नदीवरचा लांब पूल. रस्त्याच्या कडेला पंधरावीस बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे हिरव्या नऊवारीतल्या एक उंच आजी. घोळका आला तो उताराच्या वेगात. एका श्वासात गावातून निघून गेला आणि त्या वाऱ्याने ताटांतले सगळे दिवे विझले. आजी ताट तसंच धरून रस्त्याकडे बघत राहिल्या. कॅमेऱ्यात ते स्पष्ट दिसलं. मला फार वाईट वाटलं, आणि मी माईकवर म्हणाले,

"केदारखेड्याच्या माउल्यांनो, नाराज होऊ नका. या सगळ्या जणी याच रस्त्याने परत येणार आहेत. तेव्हा तुमची आरती होईल."

हीच ती चूक. मला माहीत नव्हतं की गावातल्या कोणीतरी आपला फोन मारुतीच्या देवळातल्या भोंग्याला जोडला होता. मी जे गादीवर बसून मनातल्या मनात बोलल्यासारखं बोलले, ते सगळ्या गावाने भोंग्यातून ऐकलं. आणि भोंग्यातून आलं म्हणजे ते ठरलेलं, असाच इथला रिवाज आहे. रेशनचं धान्य आलं, पाणी सुटणार, लसीकरण आहे, सगळं तिथूनच कळतं.

भोकरदनला वळसा झाला आणि परतीच्या पहिल्या चढावर कावेरीताई निघाली. मला तिचं वाक्य आठवत होतं. म्हणून कितवी हे न सांगता ती काय करते आहे ते सांगत गेले. आधी ती तीन वेळा नुसती घोळक्याच्या पुढे येऊन मागे गेली होती. चौथ्या वेळी आली तेव्हा मागचीने मान खाली घालून पाण्याची बाटली काढली होती. त्याच क्षणी ताई सीटवरून उठली. दहा सेकंदांत पन्नास हातांचं अंतर. मागच्यांना कळेपर्यंत ती वळणाआड. मग तिघी जणी घोळक्यातून तुटून तिच्या मागे लागल्या, त्यात नाशिकची एक किरकोळ अंगाची मुलगी सगळ्यांत जोरात. आमची गाडी ताईच्या पुढे चालली होती. तिचा चेहरा आमच्यापासून वीस हातांवर होता. तोंड उघडं, डोळे आमच्याकडे नाहीत, कुठेच नाहीत. आकडा काही शेकड्यांवर गेला होता.

"बेटा, तुझा आवाज वाढून राह्यला," शकीलभाई म्हणाले. "वाढू दे."

पूल आला. पूल संपला. आणि केदारखेड्याच्या पहिल्या घरापाशी मला दिसलं की रस्त्यावर सतरंजी अंथरलेली आहे.

आमच्या गाडीला त्यांनी बाजूने जाऊ दिलं. ती गेल्या गेल्या बायका दोन्ही बाजूंनी पुढे आल्या आणि रस्ता बंद झाला. ताईने दोन्ही ब्रेक दाबले. चाक घासलं, सायकल आडवी झाली, पण ती पडली नाही.

"थांब माय, थांब! दोनच मिनिटं!"

"मावशी, शर्यत हाय! सोडा मला!"

"हाय ना शर्यत. आम्ही कुठं न्हाई म्हणतो?" हिरव्या नऊवारीतल्या आजी पुढे झाल्या. त्यांना सगळे गोदाकाकू म्हणत होते. "भोंग्यात त्या बाईनं सांगितलं ना, परत येताना आरती हुईल. सकाळधरनं उभ्या हाव आम्ही. लेक गावातनं चालली अन् कुंकू न लावता कशी जाऊ देऊ?"

ताईने पुढे थांबलेल्या गाडीवरच्या माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात कोणाच्या नजरेला एवढी घाबरले नव्हते.

कुंकू लावायला हेल्मेट आडवं येत होतं. काकूंनी ते अंगठ्याने वर सरकवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. हातात नारळ दिला. ताई नारळ धरणार कशी? तिच्या पाठीवर सायकलवाल्यांच्या बनियनला असतात तसे तीन खिसे होते. एका बाईला ते दिसले आणि नारळ मधल्या खिशात गेला. बनियन गुडघ्यापर्यंत लोंबतं की काय असं वाटलं.

"काय गं, खाते का न्हाई काही? नुसती हाडं लागून राह्यली हाताला."

"खाते मावशी, लई खाते, पण आता जाऊ द्या ना!"

एवढ्यात पुलावरून मागच्या तिघी आल्या. नाशिकच्या मुलीने प्रसंग ओळखला आणि रस्त्याच्या कडेच्या मातीतून सायकल काढायला लागली. दोन बायकांनी पदर खोचून तिला अडवलं. "ए, तू कुठं चालली चुपचाप? तुझी राह्यली ना अजून!" एकीची ओवाळणी करायची आणि दुसरीला कोरडं पाठवायचं, हे गावाला शोभणारं नव्हतं. तिघीही अडकल्या. मागोमाग घोळका आला, तोही थांबला. मुख्य पंच बाईंची जीप आली. त्या आणि त्यांच्याबरोबर असलेले सर खाली उतरले.

"ही काय शर्यत आहे?" त्या सरांवर ओरडल्या. "कोण किती पुढे होतं, आता कसं सांगायचं? रद्द करावी लागेल मला."

रद्द म्हटल्यावर सर जीपला टेकले. माझ्या डोळ्यांपुढे शेठजींची गादी आली, ताईच्या घरातली सायकल टेकवलेली ती भिंत आली. शकीलभाई हळूच म्हणाले, "बेटा, बंद करू का कॅमेरा? तू सांग."

मला बंद करावंसंच वाटत होतं. लोकांनी माझी चूक बघू नये असं वाटत होतं. पण मधे बंद पडलं तर सगळंच संपणार होतं. मी नको म्हटलं. मग गाडीवरून उतरले आणि माईक तोंडापाशी धरून सांगितलं, की चूक गावाची नाही. मी न विचारता बोलले. शर्यतीत कोणी थांबत नाही हे मला माहीत होतं, तरी मी तसं बोलले. कावेरीताई सगळ्यांत पुढे होती, तिचं नुकसान माझ्यामुळे झालं. हे बोलताना माझा आवाज देवळातून मोठा होऊन परत येत होता.

भोंगा थांबला. गोदाकाकूंनी ताट शेजारणीकडे दिलं.

"मंग आधी बोलायचं ना बाई असं," त्या म्हणाल्या. "आम्हाला काय ठावं? आता काय करायचं ते सांग. तू म्हणशील तसं करू."

पंच बाई जरा निवल्या. म्हणाल्या, नियम असा आहे की शर्यत अडली तर आधीचं अंतर मोजून तेवढंच परत देता येतं. पण अंतर नक्की माहीत पाहिजे. अंदाजाने नाही.

शकीलभाईंनी कॅमेरा खांद्यावरून न काढता हात वर केला. "मॅडम, एक अर्ज हाय. शादीत मुहूर्तावर अक्षता पडल्या का उशिरा, यावर लई झगडे होतेत. तो हिशोब आम्हीच लावतो, शूटिंगवरनं. मी सारा वेळ मागंच तोंड करून बसलोय. ही पोरगी पुलाचं टोक कधी ओलांडून राह्यली ते हाय. त्या तिघी कधी, तेबी हाय. सेकंदासकट."

त्यांनी दुसऱ्या फोनवर चित्र मागे नेऊन दाखवलं. पंच बाईंनी ते तीनदा पाहिलं, नाशिकच्या मुलीलाही बोलावून दाखवलं. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. घोळका आणखी मागे, तोही मोजता आला. नाशिकची म्हणाली, "बरोबर आहे. मला मान्य आहे." ती नाही म्हणाली असती तरी तिला कोणी दोष दिला नसता.

हे सगळं होईपर्यंत सहा मिनिटं गेली. त्या सहा मिनिटांत कॅमेऱ्यासमोर जे झालं ते मी कुठल्याच शर्यतीत पाहिलेलं नाही. बायका आणि सायकलवाल्या एकमेकींकडे वीत-दीड वीत अंतरावरून बघत होत्या. कोणी सायकल उचलून बघितली आणि म्हणाली, "अगं, ही तर कळशीपेक्षा हलकी!" कोणी गूळ-शेंगदाणे आणले. एका तरुण सुनेने ताईला विचारलं,

"ह्याचा पगार भेटतो का ओ?"

"भेटत होता. आता बंद हाय. संघ झाला तर परत भेटल."

"सायकल चालवायचा पगार?" गोदाकाकूंनी खात्री करून घेतली. "अन् आम्ही जन्मभर डोक्यावर पाणी वाहिलं त्याचं?"

सगळ्या खो खो हसल्या. ताईसुद्धा. फोनवरचा आकडा कधी चार अंकी झाला मला कळलं नाही.

मग काकूंनी स्वतः रस्ता मोकळा केला. सतरंजी गुंडाळली, बायकांना कडेला लावलं, कोणी पुढे आलं की कोपराने मागे ढकलत होत्या. पंच बाईंनी उलटे आकडे मोजले. ताई निघाली. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद सगळं गाव गप्प उभं होतं. मग तिघी सुटल्या, मोजलेल्या वेळाने मागून घोळका.

अंतर परत देता येतं, पण पायांतली ऊब परत देता येत नाही. ताईचे पाय थंड पडले होते. राजूरची टेकडी दिसू लागली तेव्हा तिघी तिच्या मागे दिसायला लागल्या होत्या. देवळाच्या कमानीच्या अलीकडे नाशिकच्या मुलीने तिला गाठलं, मग आणखी एकीने. नाशिकची पहिली, ताई तिसरी आली. सायकलवरून उतरली तेव्हा पाठीच्या खिशात नारळ होता.

"टाकून का नाही दिलास?" मी विचारलं.

"मावशीनं दिलेला रस्त्यावर टाकू?"

मी माफी मागितली. तिने हेल्मेटचा पट्टा सोडला. मग म्हणाली, "मला वाईट वाटून राह्यलं, खोटं कशाला बोलू? थांबले नसते तर जिंकल्ते." बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. "पण तू बंद न्हाई केलंस. चांगलं केलंस."

शेठजी शेवटच्या रेषेजवळच्या मांडवात खुर्चीवर फोन धरून बसले होते, भोवती त्यांच्या दुकानाची माणसं. सर त्यांच्यासमोर उभे राहिले, तसे ते म्हणाले, "शर्यत थांबली तवा मी म्हटलं, संपला खेळ. फोन खिशात टाकून राह्यलो होतो. तर हे आमचे हमाल म्हणतेत, शेठ, ठेवू नका, तिला सोडतेत का न्हाई ते बघू. हे लोक कधी क्रिकेटबी धड बघत न्हाईत."

मग त्यांनी सांगितलं. चार जणींचा संघ, एका वर्षासाठी. पुढचं पुढं. "पहिली आली ती घ्या, ती यायला तयार असली तर. अन् ती नारळवाली घ्या. बाकी दोन तुम्ही ठरवा."

सरांनी मान हलवली. ताई रस्त्याच्या कडेला बसून बुटाचे पट्टे सोडत होती. मी तिला जाऊन सांगितलं. तिने एक बूट काढला आणि दुसरा तसाच ठेवून परतूरला फोन लावला. मला पलीकडचं ऐकू आलं नाही, हिचंच ऐकू आलं. "पाह्यलं का तू?... सगळं?... मंग, रडून काय राह्यली?"

परतीच्या प्रवासात मी स्वेटर घालून बसले होते. तो सरांच्या मंडळींनी परत घेतला नाही, उलट पिशवीत मोसंब्या भरल्या. खिडकीतून मराठवाडा मागे जात होता आणि मला वाटत होतं की आपण काहीतरी केलं. आमच्या घरात असं वाटायची वेळ फार येत नाही, म्हणून ते जपून मनात ठेवत होते. आपण एक अख्खी शर्यत दाखवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

घरी पोहोचले तेव्हा बाबा कामावरून आले होते. ते गवंडी आहेत. बांधकामावर विटांच्या थप्पीला फोन टेकवून त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी सगळं पाहिलं होतं. आईने कौतुक केलं, शेजारचे येऊन गेले. बाबा पाय धुऊन बसले आणि म्हणाले,

"चेन बसवत होती ती कोण?"

"कोण, बाबा?"

"त्या गावात तुम्ही थांबला न्हवं? तुम्ही सगळे त्या चौघींभोवती. मागं पाण्याच्या टाकीपाशी एक पोरगी सायकल उलटी करून एकटीच चेन बसवत होती. हात काळे झाल्ते. तिला कोण कुंकू लावाय गेलं न्हाई, आणि तू बी तिचं नाव घेतलं न्हाईस."

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. ती आहे. डाव्या कोपऱ्यात, गोदाकाकूंच्या खांद्यामागे, थोडाच वेळ. सगळ्या हसतात तेव्हा ती मान वर करून बघते आणि परत चेन हातात घेते. शर्यत पुन्हा सुरू होते तेव्हाही ती तिथेच बसलेली आहे.

मी शकीलभाईंना फोन केला, त्यांनी सरांना विचारलं, सरांनी यादी बघितली. तिचं नाव अनिता. गाव अंबड. चेन बसवून ती निघाली आणि राजूरला पोहोचली, शेवटची. तेव्हा मांडवात बक्षिसं देऊन झाली होती आणि आमचा कॅमेरा बंद होऊन वीस मिनिटं झाली होती.